भाड्याच्या बंगल्यात स्वयंपाक : काय न्यायचं, काय तिथं घ्यायचं आणि काय करायचंच नाही?

कृष्णाकाठ
पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा, कास या पट्ट्यात आता स्वयंपाकघरासकट बंगले आणि होमस्टे भाड्यानं मिळतात. त्यासाठी हा धागा. हिशोबाला एक उदाहरण धरू : सहा माणसं (चार मोठी, दोन दहा-बारा वर्षांची), शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, मुक्काम पाचगणीजवळ. निघायचं सांगलीहून स्वतःच्या गाडीनं, पेठ नाका, कराड, सातारा, पाचवड, वाई असं.

तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवलं तर जेवणाचं बिल राहण्याच्या भाड्याला गाठतं. आणि घरचं अख्खं फडताळ डिकीत भरून नेलं तर ती सुट्टी राहत नाही, बदली होते. माझा अंदाज : नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंगल्यात, दुपारचं बाहेर. पण पदार्थ कोणते, मापं किती, काय बिघडतं, हे जाणत्यांनी सांगावं. विनंती एवढीच की 'आम्ही गेलो होतो तेव्हा' नको, वाट्या आणि ग्रॅम द्या.

तव्यावरचा
सुट्टीला जाऊन कुकरच लावायचा तर सांगलीत काय वाईट चाललं होतं? :)

गाळणी
@तव्यावरचा, तुम्ही लावणार असाल तर काहीच वाईट नाही.

शिट्टी_तीन
पदार्थ ठरवण्याआधी मालकाला फोन करा. 'किचन आहे' या दोन शब्दांत काहीही बसतं. कुठं दोन बर्नरची शेगडी आणि भरलेला सिलिंडर असतो, कुठं इंडक्शन आणि एक पातेलं, कुठं नुसती पाणी तापवायची किटली. म्हणून 'किचन आहे का' असं न विचारता असं विचारा :

शेगडी गॅसची की इंडक्शन? बर्नर किती? कुकर किती लिटरचा, आणि त्याची रिंग व शिट्टी जागेवर आहे का? फ्रिज आहे का, आणि आम्ही पोचायच्या आधी चालू करून ठेवाल का? प्यायचं पाणी फिल्टरचं की जारचं? गॅसचे, भांडी घासायचे पैसे वेगळे का? मांसाहार चालतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांनी विचारा, शाकाहाऱ्यांनीसुद्धा. ज्या घरात चालत नाही तिथं बऱ्याचदा कांदा-लसणाबद्दलही काही नियम असतात, ते आधी कळलेले बरे.

फ्रिजचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पाहुणे गेले की फ्रिज बंद करतात. तुम्ही गेल्यावर चालू केला तर नीट थंड व्हायला चार-पाच तास लागतात. संध्याकाळी घेतलेलं दोन लिटर दूध त्या कोमट कपाटात ठेवलं की सकाळी चहा फाटणार.

कुकरचं म्हणाल तर दुसऱ्याच्या कुकरवर भरवसा ठेवू नका. आणि नुसती आपली रिंग नेऊनही उपयोग नसतो, कारण प्रत्येक कंपनीची आणि मापाची रिंग वेगळी. आपला अख्खा कुकर न्या. सहा जणांना ५ लिटरचा लागतो. ३ लिटरचा चौघांपुरता. सहा जणांची खिचडी त्यात कोंबली की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, ते वाळलं की शिट्टीचं भोक बुजतं. डाळ-तांदूळ फुगणारे, म्हणून पाण्यासकट निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही.

डबेवाली_मावशी
कृष्णाकाठ, प्रश्न बरोबर विचारलात. बाहेरगावच्या स्वयंपाकात वेळ जातो तो फोडणी, भाजणं आणि चिरण्यात. शिजवणं त्यामानानं झटपट. तेव्हा फोडणी आणि भाजणं घरी उरकायचं, शिजवणं तिथं.

उपम्याचं तयार मिश्रण : जाडा रवा ३५० ग्रॅम, मंद आचेवर १०-१२ मिनिटं कोरडा भाजा. दुसरीकडे ४ मोठे चमचे तेलात मोहरी, २ चमचे उडीदडाळ, १०-१२ काजू, सुक्या मिरच्या आणि २०-२५ कढीपत्त्याची पानं. कढीपत्ता बोटांत चुरला पाहिजे इतका कुरकुरीत करा. ओलसर राहिला तर तिसऱ्या दिवशी डब्याला वास येतो. हे रव्यात मिसळून दोन मिनिटं परता, मीठ आणि थोडी साखर घाला. मग परातीत पसरून पूर्ण तास गार करा आणि मगच डब्यात. गरम भरलं की वाफ धरते, रव्याच्या गाठी होतात. तिथं ५ मोठ्या वाट्या पाणी उकळायचं, मिश्रण सोडायचं, झाकण, पाच मिनिटं. सहा जणांचा नाश्ता झाला.

खिचडी : तांदूळ ३०० ग्रॅम, मूगडाळ १५० ग्रॅम. लोक यात हळद-तिखट-मसाला एकत्र करून नेतात आणि तिथं गेल्यावर अडतात, कारण आता तांदूळ धुवायचे कसे? दोन उपाय. मसाल्याची पुरचुंडी वेगळी बांधा. नाहीतर डाळ-तांदूळ घरीच धुऊन कापडावर सावलीत खडखडीत वाळवा, मग मसाला मिसळा. पहिला सोपा.

पिठलं : सहा जणांना बेसन २०० ग्रॅम, पाणी साधारण लिटरभर. बेसन आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ भुरभुरवण्याचं कसब परक्या शेगडीवर दाखवायला जाऊ नये.

पहिल्या रात्रीचं : दशम्या किंवा धपाटे घरूनच. दशमीला पाण्याचा थेंब नाही, निव्वळ दुधात भिजवायची. दोन दिवस मऊ राहते. धपाट्यात कांदा घालू नका, कांद्यानं लवकर आंबतात. तव्यावरून काढल्यावर जाळीवर सुट्टे गार करा, सुती फडक्यात गुंडाळा, मग डबा.

खर्डाप्रेमी
मावशी, सगळं बरोबर, पण खर्डा ऱ्हायला की ओ! हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर भाजायचे, मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचे. पाणी लावायचं नाही. सुका खर्डा तीन दिवस कुठं जात नाही. धपाट्याबरोबर दुसरं काय लागत नाही.

हळद_पेठ
@खर्डाप्रेमी थंडीत तीन दिवस, मान्य. मे महिन्यात बंद गाडीत दुसऱ्या दिवशीच शेंगदाण्याचं तेल सुटून खवट लागायला लागतं. हेच शेंगदाण्याच्या कुटाचं. कूट करून नेऊ नका, भाजलेले अख्खे दाणे न्या आणि तिथं लाटण्यानं भरडा.

आणि बाकीचे मसाल्याचे डबे सगळे घरी ठेवा. कांदा-लसूण चटणीची एक बरणी पुरते. (पुण्या-मुंबईच्या सभासदांसाठी : सातारा-सांगलीकडं चटणी म्हटलं की हा मसाला, ताटात डावीकडं वाढायची ती नव्हे.) तिखट, धणे-जिरे, खोबरं, लसूण, सगळं आत आहे. सहा जणांच्या रश्श्याला ३ चमचे. चुकतं ते एवढंच की चटणीत आधीच मीठ असतं आणि आपण सवयीनं पुन्हा घालतो. आधी चटणी, उकळी, चव, मग मीठ.

मिरजेचा_तंबोरा
भडंग कुणी काढलं नाही अजून? चारच्या चहाला बाहेर सहा प्लेट भजी घेण्यापेक्षा एक किलोची भडंगाची पिशवी. सांगली सोडतानाच घ्या.

अजिंक्यतारा
भडंग सांगलीचं, मान्य. पण कंदी पेढे घ्यायला साताऱ्यात थांबाल तेव्हा कळेल.

मिरजेचा_तंबोरा
पेढ्यानं पोट भरत नाही. तुमच्याकडं तोंडं गोड करून पाठवायची पद्धत.

अजिंक्यतारा
निदान पाठवतो तरी. :) असो, धाग्यावर येऊ. भाजी कुठं घ्यायची हा प्रश्न कुणी घेतला नाही. सांगलीहून भाजी नेऊ नका, आणि पाचगणीत पोचल्यावर बंगल्याजवळच्या टपरीवरही घेऊ नका. वाईत घ्या. पसरणीचा घाट चढायच्या आधीचं शेवटचं मोठं गाव तेच. दूध, दही, पाव, अंडी, कोथिंबीर, टोमॅटो सगळं तिथंच उरकतं. कांदे-बटाटे-लसूण मात्र घरून, ते कुठं खराब होत नाहीत.

वांगी सांगलीहून नेली तर हरकत नाही. कृष्णाकाठची वांगी सोडून दुसरी घ्यायला मन होत नाही हे समजू शकतो. फक्त पिशवी गाडीत वरच्या बाजूला ठेवा, दबली की आतून काळी पडतात.

शून्य_बजेट
किलोचे दर इथं लिहून उपयोग नाही, महिन्यात बदलतात. माणशी माप लिहितो, दर ज्याचे त्यानं लावावे.

तांदूळ एका जेवणाला ८० ग्रॅम. डाळ ४० ग्रॅम. कणीक चार पोळ्यांना १०० ग्रॅम. भाजी निवडण्यापूर्वी २०० ग्रॅम. जाडे पोहे नाश्त्याला ७० ग्रॅम. तेल दिवसाला २५ मिली. चहा कपाला २ ग्रॅम पावडर, ६० मिली दूध.

उदाहरणातल्या सहा जणांना तीन दिवस : तेल ४५० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली बास. दिवसाला दोनदा चहा धरला तर ३६ कप, म्हणजे पावडर ७२ ग्रॅम (१०० चं पाकीट) आणि दूध २ लिटरच्या वर थोडं. भात रोज एकदा, तर तांदूळ दीड किलो. याच्यावर एक कणही नेऊ नका. घरून निघताना 'असू दे, लागेल' म्हणून जे डिकीत पडतं, ते एकतर तिथं फेकलं जातं किंवा ओलं होऊन परत येतं. बचत तिथंच बुडते. उरलेल्या चार जुड्या कोथिंबिरीचा हिशोब कुणी धरत नाही.

गाळणी
लिस्ट वाचून माझंच नाव राहिलंय हे लक्षात आलं. चहाची गाळणी. भाड्याच्या घरात सहा बेड, सहा ताटं, सहा पेले असतात, गाळणी नसते. तशाच न सापडणाऱ्या वस्तू : सांडशी, पोळपाट-लाटणं, धार असलेली सुरी, झाऱ्या, पुसायला कोरडं फडकं, काडेपेटी. लायटर असतो, पण पावसाळ्यात दमटपणानं ठिणगी पडत नाही. काडेपेटी प्लास्टिकच्या छोट्या डबीत घालून न्या, नाहीतर तीही भिजते.

मीठसुद्धा न्या. तिथं बरणीत असतं ते मीठ नसतं, ढेकूळ असतं.

तव्यावरचा
बरं, आता गंभीर होतो, कारण हा माझा विषय आहे. आपला लोखंडी तवा न्या. तिथल्या नॉनस्टिकवर आधीच्या दहा पाहुण्यांनी स्टीलचा झारा फिरवलेला असतो. खरवडलेल्या तव्याला थालीपीठ चिकटतं, मग तेल वाढवायचं, मग धूर, मग मुलं ब्रेड मागतात.

पण आधी शेगडी विचारा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर, पितळ, तांबं चालत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. लोखंडी तवा चिकटतो, पण बूड सपाट पाहिजे. खोलगट गावठी तवा काचेवर डुगडुगतो आणि मधोमधच तापतो.

आणखी एक. २००० वॅटची इंडक्शन २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास ओढते. हॉलमधल्या ६ अँपियरच्या साध्या सॉकेटला ती लावायची नाही, पिन तापून वितळते. १६ अँपियरचा मोठा पॉवर प्लगच पाहिजे. १५०० वॅटची किटलीसुद्धा साध्या सॉकेटच्या वरच जाते. आणि वीज गेली की 'इन्व्हर्टर आहे' यावर विसंबू नका, तो दिवे-पंख्यांसाठी असतो. पावसाळ्यात त्या डोंगरावर वीज तासन्‌तास जाऊ शकते. तेव्हा इंडक्शनवाल्या घरात निदान एक जेवण असं ठेवा की जे न शिजवता होईल. दशमी, दही, चटणी, काकडी.

वाईचा_घाट
उंचीचं कुणी बोललं नाही. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, पाचगणी १३०० च्या आसपास, सांगली साडेपाचशे. तिथं डाळ शिजतच नाही.

शिट्टी_तीन
@वाईचा_घाट, शिजते हो, हिमालय नाही तो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे १ अंशानं उतरतो. सांगलीत ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास. उघड्या पातेल्यात बटाटे, डाळ, भात यांना तेवढा जास्त वेळ लागतो हे खरं. पण कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळं बाहेरच्या हवेवर आणखी एक वातावरणाइतका दाब चढतो, त्यामुळं आतला फरक दोनेक अंशांचाच. एक शिट्टी जास्त द्या, प्रश्न मिटला. 'डाळ शिजली नाही' याचं कारण बहुतेकदा उंची नसते, झिजलेली रिंग असते. बाजूनं वाफ फुसफुसत असेल तर शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही.

उंचीपेक्षा गारव्यानं जास्त अडतं. डिसेंबर-जानेवारीत तिथं इडलीचं पीठ रात्रीत फुगत नाही, दही लागत नाही. दही विकतच घ्या. आणि मे महिन्यात उलटं : आंबवलेलं पीठ गाडीत नेलं तर डब्याचं झाकण उडतं. डबा अर्धाच भरायचा, किंवा मुळात न्यायचंच नाही.

वाईचा_घाट
चुकलो. पण मग इंद्रायणी तांदूळ न्या म्हणतो, तो चिकट असल्यानं पटकन होतो.

डबेवाली_मावशी
इंद्रायणी न्या की, वासानंच अर्धं पोट भरतं. पण पाणी कमी. कुकरमध्ये १ वाटीला पावणेदोन वाट्या. नेहमीचं १ ला अडीच घातलं तर गोळा होतो. पिठल्याबरोबर तो गोळाही चालतो म्हणा, मसालेभाताला मात्र इंद्रायणी घेऊ नका.

कोरेगावकर
नुसतं खिचडी-पिठलं काय चाललंय? आमच्याकडचा वाघ्या घेवडा न्या. भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे, सांगलीकरांनी हळदीचंच तेवढं कौतुक करू नये. सहा जणांना ३०० ग्रॅम. आठ तास भिजत, मग ५-६ शिट्ट्या, कांदा-लसूण चटणी, थोडा गूळ. भाताबरोबर एवढंच कालवण पुरतं, दुसरी भाजी लागत नाही, म्हणजे बचत तिथंच.

दोन गोष्टी सांभाळा. टोमॅटो किंवा कोकम घेवडा शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की दाणा टचटचीत राहतो. आणि कुकर नसेल तर हा बेतच करू नका. घेवडा राजम्याच्याच जातीचा. अर्धवट शिजलेल्या दाण्यात जे द्रव्य उरतं त्यानं उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं.

गाळणी
आठ तास भिजत म्हणजे सुट्टीत घड्याळ लावून बसायचं?

कोरेगावकर
सकाळी फिरायला निघताना पातेल्यात टाका, संध्याकाळी परत याल तेव्हा तयार. यात घड्याळ कुठं आलं?

खादाड_खंडोबा
दुपारचं बाहेर जेवायचं हे मला पटत नाही. पैसे वाचवायचे तर दुपारचाच डबा न्यावा. सीझनला पॉइंटजवळ थाळीला रांग, वर घाई. दशम्या, उकडलेली अंडी, काकडी घेऊन कुठंही सावलीत बसता येतं.

अजिंक्यतारा
@खादाड_खंडोबा, कुठंही नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर आणि प्रतापगडावर माकडं आहेत. पिशवीचा खुळखुळाट झाला की ती हजर. डबा गाडीतच उघडा, काचा वर. प्लास्टिकच्या पिशवीत डबा नेऊ नका, कापडी पिशवीला ती कमी झोंबतात. आणि हातातून ओढायला लागलं तर सोडून द्या, झटापट नको, चावलं तर दवाखाना आणि रेबीजची लस.

हेच बंगल्यातही. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नसेल तर केळी, पाव ओट्यावर ठेवून बाहेर पडू नका.

बाकी तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पाचगणी ते महाबळेश्वर एका बाजूला १९-२० किलोमीटर. जेवायला बंगल्यावर परत येण्यात पेट्रोल आणि दोन तास जातात. तेव्हा एक दुपार डबा, एक दुपार बाहेर.

हळद_पेठ
उकडलेल्या अंड्यांबद्दल : सोललेली नेऊ नका, सालासकट न्या, आणि सकाळी उकडलेली दुपारपर्यंत संपवा. किटलीत अंडी उकडता येतात, पाणी उकळल्यापासून १० मिनिटं. किटली आपोआप बंद होते, दोनदा परत चालू करावी लागते. पण किटलीत दूध कधीही तापवू नका. बुडाशी लागतं, करपतं, आणि नुकसानभरपाई मालक तुमच्या अनामत रकमेतून कापतो. यात त्याची चूक नाही.

साधा_माणूस
एक विचारतो. फक्त दोघं, एकच रात्र, तर यातलं काय करायचं?

डबेवाली_मावशी
काहीच नाही. दोघांना एका रात्रीसाठी तेल, मीठ, चटणी, कुकर नेण्यात राम नाही. पहिल्या रात्रीला दशम्या न्या, सकाळी बाहेर मिसळ खा. चार माणसं आणि दोन रात्रींपासून पुढं हा खटाटोप परवडतो.

तापोळ्याची_लाँच
आणि होमस्टे असेल तर मालकीणबाईंना विचारा की. तापोळा, बामणोली, कासच्या बाजूला बऱ्याच घरांत पिठलं-भाकरी ताटावर करून देतात. नुसत्या भाकरीही नगावर मिळतात. भाकरी विकत, कालवण आपलं. हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. भाकरी थापायला परात, जाळ आणि हात तिन्ही लागतात, ते बंगल्यात नसतं. मात्र सकाळीच आकडा सांगा. मोठ्यांना दोन, मुलांना एक, म्हणजे तुमच्या सहा जणांना दहा. संध्याकाळी सात वाजता 'ताई, भाकरी मिळतील का' म्हणून जाऊ नये, त्यांचीही चूल आवरलेली असते.

कासच्या फुलांच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तर आदल्या दिवशीच सांगा.

शून्य_बजेट
स्ट्रॉबेरीवर कुणी बोललं नाही म्हणजे सगळे खरंच पैसे वाचवायला बसलेत. :) सीझनमध्ये, साधारण डिसेंबर ते एप्रिल, तिथं नाश्त्याला दुसरं फळ कशाला? डब्बा उलटा करून खालचा थर बघून घ्या. दबलेली वेगळी काढून त्यांचा जॅम करा : ५०० ग्रॅम फळ, २५० ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, मंद आचेवर ढवळत १५-२० मिनिटं. चमच्यावरून घट्ट थेंब पडला की बंद. गार झाल्यावर आणखी आळतो, म्हणून जास्त आटवायचा नाही. साखर निम्मीच असल्यानं टिकाऊ नाही, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. न दबलेली धुऊन ठेवू नका, खायच्या वेळी धुवा. ओली ठेवली की रात्रीत बुरशी.

मिरजेचा_तंबोरा
गॅस संपला तर? मालक खाली वाईत राहतो आणि रात्रीचे आठ वाजलेत, असं धरा.

तव्यावरचा
पोचल्या पोचल्या बघायचं. ओल्या फडक्यानं सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसा. रिकामा भाग लवकर वाळतो, जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत द्रव गॅस आहे. फरक शेगडी थोडा वेळ चालू असताना चांगला दिसतो. ओलीची रेघ बुडाशी असेल तर तेव्हाच मालकाला फोन, रात्री आठला नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. यावरून बेत मांडतो, चुका काढा.

शुक्रवार रात्र : धपाटे, वाईचं दही, खर्डा.
शनिवार : सकाळी उपमा. दुपारी बाहेर. रात्री पिठलं, मागवलेल्या दहा भाकरी, थोडा इंद्रायणी भात.
रविवार : सकाळी पोहे ४२० ग्रॅम. दुपारी दशम्यांचा डबा. रात्री वाघ्या घेवडा आणि भात.
सोमवार : सकाळी भाजणीची थालीपीठं, मग निघायचं.

तव्यावरचा
सोमवार चुकला. सहा जणांना दोन-दोन म्हणजे बारा थालीपीठं. एका तव्यावर एकाला पाच-सहा मिनिटं, म्हणजे तास-सव्वा तास. दहाला खोली सोडायची असते, त्यात भांडी घासणं आलं. थालीपीठ शनिवारी सकाळी, घाई नसते तेव्हा. उपमा सोमवारी : एक पातेलं, दहा मिनिटं.

डबेवाली_मावशी
बरोबर. आणि दशम्या शुक्रवारी सकाळी केलेल्या रविवारी दुपारपर्यंत ताणू नका. उन्हाळ्यात तर नाहीच. डबा शनिवारी, बाहेरचं जेवण रविवारी, असं उलटवा.

हळद_पेठ
शनिवारचा भात उरला तर ओट्यावर रात्रभर ठेवू नका. पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये. शिजलेल्या भातात कोमट हवेत जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. असा राखलेला असेल तर रविवारी पोह्यांऐवजी फोडणीचा भात, पोहे परत घरी.

खादाड_खंडोबा
घेवडा रविवारी सकाळी भिजत घालायचा हे बेताच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. तो विसरला की रविवारची रात्र हॉटेलात.

कृष्णाकाठ
बदल केला. शनिवार सकाळ थालीपीठ, दुपार डबा. रविवार दुपार बाहेर. सोमवार उपमा. घेवड्याची चिठ्ठी तिथल्या दरवाज्याला आतून चिकटवायची. कचऱ्याचं काय करायचं?

वाईचा_घाट
सालं-देठं वेगळ्या पिशवीत, मालकाच्या खड्ड्यात किंवा गायीला, विचारून. प्लास्टिक आणि दुधाच्या पिशव्या धुऊन सांगलीला परत. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. दरीत फेकलेली पिशवी तशीही माकडंच वर आणतात.

गाळणी
सोमवारी निघताना आपला कुकर, आपला तवा, आपली शिट्टी मोजून घ्या. शिट्टी हमखास तिथल्या कुकरवर राहते.

शिट्टी_तीन
आणि गाळणी सिंकमध्ये.